‘फार रजनी होऊ नकोस’ : प्रिया तेंडुलकर यांची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलले तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त अडखळणं आणि मध्येच वाजलेली कुकरची शिट्टी काढून टाकलीय.

सुरुवात आमच्या फ्रीजपासून करते. मागच्या उन्हाळ्यात तो बंद पडला. वॉरंटीत होता, म्हणून कंपनीच्या ॲपवर तक्रार टाकली. दुसऱ्या दिवशी मेसेज आला की तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. घरी कोणी आलंच नव्हतं. परत टाकली, परत तेच. असं तीनदा झालं. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे हे कसं होतं ते मला माहितीये. कुणाच्या तरी डॅशबोर्डवर उघड्या तक्रारींचा आकडा कमी दिसायला हवा असतो. आकडा कमी करायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे तक्रार बंद करून टाकणं. फ्रीज दुरुस्त करायची गरज नाही!

चौथ्यांदा मी थेट फोन लावला आणि आवाज चढवला. चांगलाच चढवला. तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “फार रजनी होऊ नकोस.”

खरं सांगते, माझ्या डोक्यात आधी रजनीकांत आला. मी विचारलं, “रजनी कोण?” आई हात पुसत बाहेर आली. मला रजनी माहीत नाही यावर तिचा विश्वासच बसेना. “अगं, प्रिया तेंडुलकर! दूरदर्शनवर!”

मग पुढचे काही आठवडे मी जे वाचलं, पाहिलं, आईला विचारलं, त्यातून आजचा भाग तयार झाला. एक गोष्ट आधीच ठरवून घेऊ. मालिकेतल्या रजनीला मी ‘ती’ म्हणणार आहे आणि प्रिया तेंडुलकरांना ‘त्या’. हा फरक मुद्दाम करतेय, कारण त्यांच्या आयुष्यात लोकांनी तो फारसा केलाच नाही.

रांगेतला देश

आधी काळ समजून घेऊया. १९८५ साल. १९८२ च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने भारतात रंगीत टीव्ही आला होता. १९८४ च्या जुलैमध्ये ‘हम लोग’ सुरू झाली आणि मालिका नावाचा प्रकार घराघरात पोचला. बहुतेक ठिकाणी चॅनेल एकच, दूरदर्शन. बदलायला दुसरं काही नव्हतं. त्यामुळे जे लागायचं ते सगळा देश एकाच वेळी बघायचा. आई डोंबिवलीच्या चाळीत राहायची. टीव्ही शेजारच्या काकूंकडे. त्यांच्या खोलीत वीसेक माणसं, दाराबाहेर चपलांचा ढीग, आणि उशिरा येणाऱ्याला खिडकीत जागा.

आणि हा सगळा देश रांगेत उभा होता. गॅसच्या जोडणीसाठी नंबर लावायचा, टेलिफोनसाठी नंबर लावायचा, स्कूटरसाठी नंबर लावायचा, आणि वर्षानुवर्षं थांबायचं. वस्तू कमी, मागणी जास्त. त्यामुळे विकणारा राजा आणि घेणारा याचक. ग्राहक हा शब्द होता, पण ग्राहकाला हक्क असतात हे बहुतेकांच्या गावीही नव्हतं. सिलिंडर आणून देणाऱ्याने वर चार रुपये मागितले तर ते द्यायचे. टॅक्सीवाल्याने ‘तिकडे नाही येणार’ म्हटलं तर पुढच्या टॅक्सीला हात करायचा. भांडणारी बाई म्हणजे कजाग बाई.

महाराष्ट्रात या विषयावर काम करणारी माणसं आधीपासून होती, हेही सांगायला हवं. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचं काम सुरू केलं होतं. १९७५ पासून मुंबई ग्राहक पंचायत लोकांना एकत्र करून थेट घाऊक खरेदी करून देत होती. म्हणजे विचार होता, कार्यकर्ते होते. पण हा विचार अजून सभांमध्ये आणि पत्रकांमध्ये होता. त्याला चेहरा नव्हता.

तो चेहरा ‘रजनी’ने दिला.

दिग्दर्शक बासू चटर्जी. ‘रजनीगंधा’ आणि ‘बातों बातों में’वाले. बस, लोकल, भाड्याचं घर, बेताचा पगार, हे त्यांचं जग. करण राझदान यांनी मालिका लिहिली आणि रजनीच्या नवऱ्याची भूमिकाही त्यांनीच केली. रजनी म्हणजे साडी नेसणारी, घर सांभाळणारी, एक साधी गृहिणी. तिच्याकडे पद नाही, पैसा नाही, ओळखी नाहीत. तिच्याकडे एकच गोष्ट आहे. ती विचारते. असं का? नियम कुठे लिहिलाय? तुमचे साहेब कुठे आहेत? आणि उत्तर मिळेपर्यंत ती हलत नाही.

बस, एवढंच. आज ऐकायला किती साधं वाटतं ना? पण त्या वीस माणसांच्या खोलीत हे बघताना काय व्हायचं ते आई सांगते. रजनी काउंटरवर गेली की खोली एकदम शांत. ती पहिला प्रश्न विचारायची आणि काकू टाळी वाजवायच्या. टीव्हीसमोर टाळ्या!

एका भागात टॅक्सीवाल्यांच्या मनमानीचा विषय होता. मुंबईतले टॅक्सीचालक इतके संतापले की निषेध करायला दूरदर्शनच्या दारात गेले. एका मालिकेतल्या काल्पनिक बाईविरुद्ध खऱ्या माणसांनी मोर्चा काढला. या घटनेकडे मी नंतर परत येणार आहे, कारण आधी मला ती फक्त मजेशीर वाटली होती.

काउंटरच्या पलीकडे

आता ‘त्यां’च्याकडे वळूया.

प्रिया तेंडुलकर यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९५४ चा. वडील विजय तेंडुलकर. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ रंगभूमीवर आलं १९६७ मध्ये, तेव्हा प्रिया तेरा वर्षांच्या होत्या. ‘सखाराम बाइंडर’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ आली १९७२ मध्ये, तेव्हा त्या अठराच्या आसपास. ‘सखाराम’वर बंदी, मग कोर्ट. ‘घाशीराम’वरून निदर्शनं. लोकांना न रुचणारं बोललं की काय होतं, हे त्यांनी पेपरात वाचण्याआधी घरातच बघितलं असणार.

एक योगायोग मला राहून राहून आठवतो. ‘शांतता!’ मधल्या लीला बेणारेला सगळे मिळून खेळातल्या कोर्टात उभं करतात आणि तिचं तोंड बंद करतात. आणि हे नाटक लिहिणाऱ्याची मुलगी पुढे प्रसिद्ध झाली ती कुणीही गप्प करू न शकणाऱ्या बाईच्या भूमिकेमुळे. मी यातून काही मोठा सिद्धांत काढत नाहीये. पण हे लक्षात राहतं खरं.

मोठ्या नाटककाराची मुलगी म्हणजे सगळं तयार मिळालं असेल, असं आपल्याला वाटतं. तसं दिसत नाही. त्यांनी नोकऱ्या केल्या, आणि एकापेक्षा एक वेगळ्या. पंचतारांकित हॉटेलात रिसेप्शनिस्ट होत्या. हवाई सुंदरी होत्या. मॉडेलिंग केलं, बातम्या वाचल्या.

या कामांची यादी नीट बघा. रिसेप्शनिस्ट, हवाई सुंदरी, मॉडेल, वृत्तनिवेदिका. या चारही कामांत चेहरा दुसऱ्याच्या ताब्यात असतो. समोरचा कितीही उद्धट असो, हसायचं. वस्तू स्वतःला आवडो न आवडो, कॅमेऱ्यासमोर ती आवडल्यासारखं दिसायचं. बातमी कसलीही असो, आवाज स्थिर ठेवायचा. तक्रार करणारा काउंटरच्या एका बाजूला असतो आणि ती ऐकून घेणारी दुसऱ्या बाजूला. देशाला तक्रार करायला शिकवणाऱ्या या बाईंनी पोटासाठी काम केलं होतं ते त्या दुसऱ्या बाजूला, तक्रारी ऐकून घेण्याच्या जागी.

अभिनय सोबत चालूच होता. १९७४ मध्ये श्याम बेनेगल यांचा ‘अंकुर’ आला. शबाना आझमींचा पहिला चित्रपट म्हणून तो आपल्याला माहीत असतो. त्यात अनंत नाग यांच्या बायकोची भूमिका प्रिया तेंडुलकरांची. लहानपणी लग्न लागलेली, वयात आल्यावर सासरी आलेली मुलगी. पडद्यावर वेळ कमी, पण ती घरात येते आणि घरातलं सगळं वातावरण बदलतं. १९८० मध्ये शंकर नाग यांनी दिग्दर्शित केलेला पहिला कन्नड चित्रपट ‘मिंचिन ओट’, त्यातही त्या होत्या, पुन्हा अनंत नाग यांच्यासोबत. मराठीत ‘गोंधळात गोंधळ’, ‘थोरली जाऊ’ असे चित्रपट केले.

म्हणजे रजनी मिळाली तेव्हा त्या तिशीच्या होत्या आणि दहाएक वर्षं काम करत होत्या. एका रात्रीत वगैरे काही झालेलं नाही. पण ‘रजनी’ आली आणि आधीचं सगळं पुसलं गेलं.

दोन गृहिणी

त्या काळात टीव्हीवर आणखी एक गृहिणी गाजत होती. सर्फच्या जाहिरातीतली ललिताजी. ॲलेक पदमसी यांनी घडवलेली आणि कविता चौधरी यांनी साकारलेली. स्वस्त निरमाने बाजार काबीज केला होता, आणि महाग सर्फ का घ्यावा हे पटवून द्यायला ही हिशोबी, चोखंदळ बाई आणली होती.

दोघी शेजारी ठेवून बघितल्या की गंमत कळते. दोघी मध्यमवर्गीय, दोघी साडीत, दोघी दुकानदारापुढे न दबणाऱ्या. पण ललिताजीचा प्रश्न असतो की मी काय विकत घेऊ? रजनीचा प्रश्न असतो की मी जे विकत घेतलंय ते मला नीट का मिळत नाही? ललिताजी पाकीट उचलते आणि गोष्ट संपते. रजनीची गोष्ट पैसे दिल्यानंतर सुरू होते. माझ्या फ्रीजची पण तिथूनच सुरू झाली होती.

२४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायदा मंजूर झाला. आपण तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. आता इंटरनेटवर कुणी म्हणेल की रजनीमुळे कायदा आला. तसं म्हणणं बरोबर नाही. संयुक्त राष्ट्रांनी एप्रिल १९८५ मध्ये ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली होती आणि देशातल्या ग्राहक संघटना आधीपासून मागे लागल्या होत्या. पण कायदा आला तेव्हा तक्रार करणारी बाई कशी दिसते हे लोकांनी बघितलेलं होतं, एवढं मात्र नक्की. कायद्याने जिल्हा, राज्य आणि राष्ट्र अशी तीन पातळ्यांची व्यवस्था उभी केली. सुरुवातीला जिल्हा मंचाकडे एक लाख रुपयांपर्यंतचे दावे जायचे. वकील हवाच असं नाही, आणि त्या वेळी फीसुद्धा नव्हती. रजनी काउंटरवर जे आवाज चढवून मिळवायची, ते आता साध्या कागदावर लिहून मागता येणार होतं.

नाव चिकटतं तेव्हा

रजनीनंतर प्रिया तेंडुलकर प्रिया तेंडुलकर राहिल्याच नाहीत. लोक त्यांना रजनी म्हणून हाक मारायचे, आपल्या अडचणी घेऊन त्यांच्याकडे यायचे. ‘रजनी’ हे विशेषनाम राहिलं नाही, तो एक स्वभाव झाला. आणि बघा, तो शब्द आमच्या घरात पोचला तो कौतुक म्हणून नाही, तंबी म्हणून पोचला. ‘फार रजनी होऊ नकोस.’

पुढे वडिलांनी लिहिलेल्या ‘स्वयंसिद्धा’ या मालिकेत त्यांनी मुख्य भूमिका केली. ९० च्या दशकात खासगी वाहिन्या आल्या तेव्हा ‘प्रिया तेंडुलकर शो’ आणि ‘जिम्मेदार कौन’ यांमधून त्या सामाजिक प्रश्नांवर लोकांना बोलतं करू लागल्या. इथे लिहून दिलेले संवाद नव्हते. समोर खरी माणसं आणि खरे प्रश्न.

आणि मग १९९५ ची ‘हम पांच’. ही मात्र माझ्या पिढीने नंतर पुनःप्रक्षेपणात बघितलीय! अशोक सराफ म्हणजे आनंद माथुर, पाच मुली, दुसरी बायको, आणि भिंतीवरच्या फोटोतून बोलणारी पहिली बायको. ती फोटोतली बायको म्हणजे प्रिया तेंडुलकर. मी लहानपणी त्यांना बघून खदाखदा हसलेय आणि त्या कोण हे मला माहीतच नव्हतं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “फोटोत घातली तरी गप्प बसली का बघ!”

पण मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. त्या लेखिका होत्या. मराठीत, कथा लिहिणाऱ्या. ‘ज्याचा त्याचा प्रश्न’, ‘जन्मलेल्या प्रत्येकाला’, ‘असंही’, ‘पंचतारांकित’ ही त्यांची पुस्तकं. तेंडुलकरांच्या घरात राहून मराठीत लिहायचं म्हणजे पहिल्या पानापासून तुलना होणार हे माहीत असून लिहायचं. ‘ज्याचा त्याचा प्रश्न’ हे नाव तर मला थांबवूनच गेलं. रजनी आयुष्यभर ज्या वाक्याशी भांडली ते हेच की! शेजाऱ्याचं काय ते शेजारी बघेल, आपल्याला काय करायचंय, ज्याचा त्याचा प्रश्न. आणि तिला साकारणाऱ्या बाईंनी आपल्या पुस्तकाला नेमकं तेच नाव दिलं. रजनीला सगळी उत्तरं माहीत असायची. लिहिणाऱ्या प्रिया तेंडुलकरांना ती तितकी सोपी वाटत नसावीत, असं मला वाटतं.

शेवटची वर्षं कठीण गेली. २००१ मध्ये आई निर्मला आणि भाऊ राजा, दोघंही गेले. त्यांना स्वतःला स्तनांचा कर्करोग होता. १९ सप्टेंबर २००२ ला मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. ४८ वा वाढदिवस एका महिन्यावर होता. विजय तेंडुलकर त्यानंतर साडेपाच वर्षांहून थोडं अधिक जगले.

टॅक्सीवाले का चिडले?

आता त्या मोर्चाकडे परत येते.

मी आधी हसले होते. मालिकेवर कसला मोर्चा? पण नंतर वाटलं, त्यांच्या जागेवरून बघायला काय हरकत आहे? रजनीसमोर येतं कोण? टॅक्सीवाला, गॅस आणून देणारा, खिडकीतला कारकून. टंचाई या माणसांनी निर्माण केलेली नव्हती. गॅसची जोडणी वर्षानुवर्षं का मिळत नाही, याचं उत्तर त्या खिडकीत नव्हतंच. पण काउंटरवर चेहरा त्यांचा होता, म्हणून बोलणी त्यांनीच खाल्ली. आख्ख्या देशासमोर. काही टॅक्सीवाले मनमानी करत होते हेही खरं, आणि सगळ्यांना एका मापाने मोजलं गेलं हेही खरं.

मग मला माझा फोन आठवला. मी ज्याच्यावर ओरडले तो कॉल सेंटरमधला मुलगा होता. आवाजावरून माझ्यापेक्षा लहान. माझी तक्रार त्याने बंद केलेली नव्हती. ज्याने ती आपोआप बंद होण्याची सोय करून ठेवली तो माझ्यासारखाच कुणीतरी इंजिनिअर असणार, आणि तशी सोय करा म्हणून सांगणारा त्याच्याही वरचा. तो मुलगा दर वाक्याला “मॅडम, मी समजू शकतो” म्हणत होता. त्याला तसंच म्हणायचे पैसे मिळतात. आणि हॉटेलच्या रिसेप्शनवर उभं राहून प्रिया तेंडुलकरांनीही असंच हसत ऐकून घेतलं असेल.

त्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिलेल्या होत्या. रजनी फक्त एका बाजूला. आपण रजनीला लक्षात ठेवलं आणि दुसरी बाजू माहीत असलेल्या बाईंना विसरलो.

म्हणून गप्प बसायचं का? अजिबात नाही. मी परत फोन केला. या वेळी आवाज न चढवता चारही तक्रारींचे क्रमांक आणि तारखा सांगितल्या, वरिष्ठांचा ईमेल मागून घेतला, लेखी पाठवलं. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. नऊ दिवसांनी माणूस आला, कॉम्प्रेसर बदलून गेला. माझ्यासोबत असं झालं म्हणजे प्रत्येकाचं होईल असं नाही, पण तो नंबर लिहून ठेवा. १९१५.

माणूस गेल्यावर आईने एक गोष्ट सांगितली, जी तिने आधी कधीच सांगितली नव्हती. त्याच वर्षी, १९८५ मध्ये, ती दहावीत असताना आजीबरोबर रेशन घ्यायला गेली होती. साखर मापात कमी वाटली. ती सरळ दुकानदाराला म्हणाली, “परत मोजा.” रांगेतल्या बायका गप्प झाल्या. दुकानदाराने मोजायच्या आधीच आजीने तिचं मनगट धरून तिला बाहेर ओढलं आणि रस्त्यात म्हणाली, “फार रजनी होऊ नकोस. उद्या परत त्याच्याच दारात यायचंय आपल्याला.”

आजी चुकीची नव्हती. दुकान एकच होतं. पण आईने ते वाक्य जवळपास चाळीस वर्षं जपून ठेवलं, आणि परवा जसंच्या तसं मला दिलं.

मी तिला विचारलं, “साखर खरंच कमी होती का गं?”

“होती,” ती म्हणाली. “घरी येऊन मी मोजली होती.”

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात ‘रजनी’ हा शब्द वापरला जायचा का, आणि कौतुकाने की तंबी म्हणून, ते नक्की कळवा. आणि प्रिया तेंडुलकरांचं एखादं पुस्तक वाचनालयात दिसलं तर घरी घेऊन या. मी ‘ज्याचा त्याचा प्रश्न’पासून सुरुवात करतेय. आई म्हणाली, माझं झालं की तिला द्यायचं. भेटूया पुढच्या भागात.